माझ्या आवाजात गेलेला फोन

कंपनीनं मला फसवलं, आणि मी घाटनांदूरच्या आप्पांना फसवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली मी भेटेल त्याला ओरडून सांगितली आहे. दुसरी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

नोकरी सोडली तेव्हा कंपनीनं फोनवर एक अर्ज पाठवला. 'आमच्या विक्री विभागात काम करण्याचा तुमचा अनुभव कसा होता?' खाली पाच तारे, आणि ताऱ्यांच्या खाली लिहायला एक चौकोन. सकाळचा चहा बाजूला ठेवून मी लिहायला बसलो. आठ-दहा ओळी झाल्या आणि चौकोन भरला. पुढचं अक्षर घेईना. वरचं थोडं खोडलं, खालचं लिहिलं, परत भरला. बायको म्हणाली, "तारे देऊन टाका आन् मोकळे व्हा." मी तिच्यावरही ओरडलो. मग वही काढली. त्या चौकोनात मावलं नाही ते हे आहे.

माझं गाव युसूफ वडगाव. वडील गुरांचे दोर विकायचे. दावी, कासरे, म्होरक्या, वेसणी. बाजाराच्या दिवशी पोतं अंथरून बसायचे. बोलणं कमी, त्यामुळे गिऱ्हाईक त्यांना दाबायचं. एकदा मी मधे तोंड घातलं आणि एक दावं घ्यायला आलेल्या माणसाच्या गळ्यात तीन दावी आणि वर एक कासरा मारला. मला वाटलं, वडील पाठ थोपटतील. ते त्या माणसाच्या पाठीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "त्याला एकच बैल हाय." बाकी काही नाही. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. नंतर कितीतरी वर्षं, जास्तीचा माल गळ्यात मारून दुकानातून बाहेर पडताना ते वाक्य आठवायचं, आणि मी मोटारसायकलला जोरात किक मारायचो.

शाळा दहावीनंतर सुटली. केजच्या स्टँडवर मोठी छत्री लावून मी सिमकार्डं विकायला लागलो. उन्हात उभं राहून घसा बसेपर्यंत बोलायचो. तिथंच बऱ्याच वर्षांनी एक दिवस शहरी कपड्यातला एक तरुण माणूस सिम घ्यायला आला. एक घ्यायला आलेला, दोन सिम, फोनचं कव्हर आणि गाडीत लावायचा चार्जर घेऊन गेला. पाच मिनिटांनी परत आला. मला वाटलं, माल परत करतोय, म्हणून मी बाह्या वर केल्या. तर म्हणतो, "दादा, तुम्ही माझ्याकडे काम कराल का?"

हे आमचे साहेब. माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. कंपनी पुण्याची, नवी, वाढती. 'वाढती' हा शब्द मी तिथं इतक्या वेळा ऐकला की तो कानाला लागेनासा झाला. कंपनीचं एक ॲप होतं, किराणा, औषधं आणि शेतीमालाच्या दुकानदारांसाठी. दुकानात कोणता माल किती उरला, कोणत्या औषधाची मुदत संपत आली, काय मागवायला पाहिजे, हे सगळं फोनवर दिसायचं. दरवर्षी त्याची वर्गणी भरायची. चीज चांगली होती. आजही वाईट म्हणणार नाही.

बीडला दोन खोल्यांचं ऑफिस होतं. भिंतीवर पितळी घंटा टांगलेली. नवं दुकान जोडलं की जोडणाऱ्यानं ती वाजवायची आणि बाकीच्यांनी टाळ्या. सुरुवातीला मला लाज वाटायची. देवळात वाजवतात ती वस्तू इथं कशाला? पण माणूस सगळ्याला सरावतो. दुसऱ्या महिन्यात मी ती सगळ्यांत जास्त वाजवायला लागलो आणि मला ते आवडायलाही लागलं. खोटं कशाला बोलू? दोर विकणाऱ्याच्या पोरासाठी पंधरा शिकलेली माणसं उभं राहून टाळ्या वाजवत होती.

आमच्यात अंबाजोगाईची एक मुलगी होती. शिकलेली, तोंडाची तिखट. औषधाची दुकानं तिच्याकडे होती. ती घंटा कधी वाजवायची नाही. विचारलं तर म्हणायची, "दादा, आज वाजवली तर उद्या म्हणतील दोनदा वाजव." मी तिला आळशी समजायचो. आमच्या सगळ्यांत तिलाच अक्कल होती, हे उशिरा कळलं.

घाटनांदूरच्या आप्पांचं दुकान जोडायला मला चार फेऱ्या लागल्या.

मोठं किराणा-भुसार दुकान. आप्पा गादीवर बसलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, कानाला थोडं कमी. दुकानाला लागूनच घर, मधे फक्त एक दार आणि त्याला पडदा. त्या दुकानाची एक रीत होती. आलेल्या माणसाला आधी पाणी, मग घरच्यांची विचारपूस, मग गूळ-शेंगदाणे, आणि हे सगळं झाल्याशिवाय धंद्याचा शब्द काढायचा नाही. पहिल्या दिवशी मी बसल्या बसल्या फोन काढून ॲप दाखवायला लागलो. आप्पांनी तांब्या पुढं सरकवला आणि म्हणाले, "पाणी पी आन् जा. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. तोपर्यंत मला पडद्यामागचा एक आवाज ओळखू यायला लागला होता. आप्पांना कमी ऐकू येतं म्हणून मी मोठ्यानं बोलायचो. आतून आप्पांच्या पत्नी, काकू, म्हणायच्या, "आला वाटतं वडगावचा भोंगा."

चौथ्या दिवशी आप्पांनी खरा प्रश्न काढला. "हे यंत्र हाय. मला मान्य हाय. पण काही बिगडलं तर मी कुणाशी बोलायचं? ब्यांकेचा फोन येतो, कुणी तरी पोरगी बोलती, तिला माझं नाव बी नीट घेता येत न्हाई. तसलं नगं मला."

मी म्हणालो, "ऐका तर आप्पा. कंपनीचा फोन ह्या दुकानात आला तर तो माझाच असंल. दुसरं कुणी बोलणार न्हाई. शब्द देतो."

"शब्द देतोस?"

"देतो."

पडद्यामागून काकू म्हणाल्या, "घ्या की हो मग. रोज रोज येऊन वरडतंय, माझं डोकं उठलंय."

असं ते दुकान जोडलं गेलं. बीडला येऊन मी घंटा वाजवली.

पुढची दोन वर्षं मी दर पंधरवड्याला घाटनांदूरला जात होतो. काम असो नसो. काकूंचा डावा गुडघा दुखायचा. पाटावर मांडी घालून पूजेला बसता येत नव्हतं, याचं त्यांना फार वाईट वाटायचं. खुर्चीत बसून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायच्या आणि म्हणायच्या, "देव हातात आन् पाय लोंबते, हे बरं दिसतं का?" लग्नाच्या आधीपासून दरवर्षी कपिलधारच्या यात्रेला चालत जायच्या, ते गुडघ्यामुळं सुटलं होतं. "एकदा जायचंय बाबा. चालतच जायचंय. तेवढं ह्या गुडघ्यानं ऐकलं म्हंजी झालं." मी लातूरच्या डॉक्टरचा पत्ता आणून दिला, तेल आणून दिलं, पट्टा आणून दिला. पट्टा त्यांनी एक दिवस बांधला आणि मग मांजराच्या पिल्लांच्या खोक्यात अंथरला.

एकदा त्यांना मिक्सर घ्यायचा होता. अंबाजोगाईचा दुकानदार भाव सोडेना. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वरड आता. किती वरडायचं ते वरड." मी अर्धा तास त्या दुकानदाराशी भांडलो. मिक्सर आमच्या भावात आला, शिवाय चटणीचं एक भांडं जास्तीचं. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. आप्पांना म्हणाल्या, "बघा, चाळीस वर्षांत तुमाला असं जमलं न्हाई." आप्पा म्हणाले, "मी दुकानदार हाय. मी दुकानदाराच्या बाजूनं हाय."

कंपनी वाढत होती. ॲपमध्ये एक नवा रकाना आला, दुकानदाराबद्दल माहिती लिहिण्याचा. साहेब मला म्हणाले, "दादा, तुमच्या डोक्यात प्रत्येक दुकानाचं सगळं आहे. कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाला काय आवडतं, कुणाशी काय बोलायचं नाही. ते सगळं ह्यात टाका. उद्या तुम्ही आजारी पडलात तर आम्ही काय करायचं?"

हे बोलणं मला पटलं. आजारी पडलो तर दुकानदारांचा खोळंबा नको. मी बसून, एका बोटानं, सगळं लिहिलं. आप्पांच्या पानावर लिहिलं, "कानाला कमी. मोठ्यानं बोलावं. आधी काकूंची चौकशी करावी, डावा गुडघा. कपिलधारला चालत जायचंय. मग कामाचं बोलावं." लिहून झाल्यावर मला बरं वाटलं होतं. कुणीही त्या दुकानात गेलं तरी रीत पाळली जाईल, असं वाटलं.

अंबाजोगाईची मुलगी माझ्या फोनमध्ये डोकावून म्हणाली, "दादा, हे सगळं खरं लिहिलंय?"

"मग खोटं लिहायचं का?"

"मी सगळ्यांच्या पानावर लिहिलंय, क्रिकेट आवडतं. बायका असो का पुरुष. त्यांना रकाना भरलेला पाहिजे, तो भरला. माणसं माझी आहेत, ती मी त्यांना कशाला देऊ?"

"कामचुकार आहेस तू."

"असू द्या," ती म्हणाली.

थोड्या दिवसांनी साहेबांनी मला पुण्याला बोलावलं. म्हणाले, "दादा, तुमच्यासारखं बोलणं कुणाला येत नाही. आम्हाला ते साठवून ठेवायचंय." कशासाठी, असं मी विचारलं. "पुढच्या लोकांसाठी," साहेब म्हणाले. मी समजलो, नव्या पोरांना शिकवायला. कागद पुढं आले. मी असा माणूस आहे की गॅसची टाकी आली तरी पावती तीनदा वाचतो. ते कागद इंग्रजीत होते. मी म्हणालो, सही करतो, पण मला काय? साहेब म्हणाले, तुम्ही सांगा. मी मागितलं ते असं की माझ्या कार्डावर 'क्षेत्र प्रमुख' छापा, सोनेरी अक्षरात. साहेब जरा आढेवेढे घेतल्यासारखे वागले. मी ताणून धरलं. शेवटी ते हो म्हणाले. जिंकलो या खुशीत मी सही केली. आयुष्यात इतके सौदे केले, त्यात हा एकच असा होता की समोरच्याला काय हवंय हे मी विचारलंच नाही.

दोन दिवस मी एका छोट्या खोलीत बसलो. भिंतींना स्पंज लावलेला. काचेपलीकडे एक बाई, तिचा आवाज माझ्या कानात. "नमस्कार आप्पा म्हणा. नमस्कार मामा. नमस्कार भाऊ. नमस्कार ताई." मी म्हणत गेलो. "ऐका तर म्हणा, तुमचं नेहमीचं." म्हणालो. "आता, लई चांगलं झालं. आनंदानं म्हणा. अजून थोडं हसून. अजून एकदा." ते एक वाक्य तिनं माझ्याकडून किती वेळा म्हणून घेतलं, ते आठवत नाही. शेवटी मला खरंच हसू आलं आणि ती म्हणाली, "हे मस्त आलं, हेच ठेवू."

कार्डं छापून आली. सोनेरी अक्षरं दोन महिन्यांत निघायला लागली.

त्या उन्हाळ्यात काकू गेल्या. गुडघ्यानं नाही. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी लातूरच्या दवाखान्यात नेताना वाटेतच. मला फोन आप्पांच्या थोरल्या मुलाचा आला. मी धारूरला एका दुकानात होतो. तसाच उठलो, मोटारसायकल काढली आणि मातीला पोचलो.

आप्पा लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात. काकूंना मांडी घालून बसवलं होतं. बेलाची पानं पडत होती, विभूती पडत होती, आणि माझी नजर सारखी त्या डाव्या गुडघ्याकडे जात होती. तो दुमडला होता. कसलीच कुरकुर न करता दुमडला होता. मला वाटलं, आता बसल्या बाई पूजेला. मी मूठभर माती टाकली आणि बाजूला जाऊन उभा राहिलो. आप्पांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "वरड की रे आता. ती झोपलीया. उठव." मग त्यांचा हात सुटला.

घरी आलो, अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी सवयीनं ॲप उघडलं. आप्पांच्या पानावर माझंच लिहिलेलं होतं. आधी काकूंची चौकशी करावी, डावा गुडघा. ते खोडायला बोट गेलं आणि थांबलं. खोडलं तर काय लिहायचं? 'पत्नी मयत'? आणि ते बीडच्या त्या खोलीत, घंटेखाली, कुणीतरी वाचणार. मी फोन बंद केला. म्हटलं, हे कंपनीचं नाही. दुकान कंपनीचं असेल, माल कंपनीच्या ॲपवर दिसत असेल, पण काकू गेल्या हे कंपनीला सांगायचं कारण नाही. एवढी एक गोष्ट माझ्यापाशी राहू दे.

त्या नोकरीत मी कंपनीपासून लपवलेली ती पहिली आणि शेवटची गोष्ट.

पुढं दीड महिना माझी घाटनांदूरला फेरी झाली नाही. मला आष्टी-पाटोद्याकडची नवी दुकानं दिली होती. फोन करावा असं रोज वाटायचं, पण फोनवर काय बोलणार? गेल्यावर बोलू, असं म्हणत राहिलो. शेवटी एक दिवस सकाळी निघालो.

दुकान तसंच होतं. आप्पा गादीवर. मी समोरच्या पोत्यावर बसलो. आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि परत वहीत डोकं घातलं. पाणी आलं नाही. मी थोडा वेळ थांबलो. पाणी येत नाही हे मला कळलं, पण का ते कळेना.

"आप्पा, कसं हाय?"

"तू मातीला आलतास ना?"

"आलतो की आप्पा. असं कावून इचारता?"

"मला वाटलं, म्हातारा झालोय, माझंच काही चुकलं. दुसराच कुणी आलता का काय." त्यांनी वही मिटली. "मग त्या दिवशी फोनवर कावून इचारलंस, काकूचा गुडघा काय म्हणतो म्हणून?"

"कोणता फोन?"

"कोणता फोन म्हंजी? तुझा. 'नमस्कार आप्पा' म्हणलास. मला वाटलं, लई दिसांनी आठवण आली पोराला. काकूचा डावा गुडघा कसा हाय, म्हणलास. मी म्हणलं, अरे, असं कावून बोलतोस, ती गेली की. तर म्हणतोस..." आप्पा थांबले. दुकानात तेल घ्यायला आलेली एक बाई उभी होती, तिनं मान खाली घातली. "म्हणतोस, लई चांगलं झालं. हसून म्हणलास."

माझ्या कानात ती काचेपलीकडची बाई बोलली. अजून थोडं हसून.

"मी परत सांगितलं, अरे, काकू वारली. तर म्हणतोस, ऐका तर आप्पा, ह्या वर्षी कपिलधारला चालत जायचंय ना त्यांना, मग यंदाचं ॲप चालू ठेवायचं का? मला ऐकू येत न्हाई म्हणून फोन मोठ्यानं लावलेला. सून ऐकत व्हती. नातवंडं ऐकत व्हती. धाकटी नात म्हणली, आजीला बोलवा, भोंग्याचा फोन हाय."

"आप्पा, तो मी नव्हतो. देवाशप्पथ. कंपनीनं माझा आवाज भरून घेतलाय. यंत्र बोलतंय ते."

"आवाज तुझा व्हता."

"माझाच, पण मी बोललो न्हाई."

आप्पांना राग आला नव्हता. राग आला असता तर मी भांडलो असतो, मला ते येतं. ते माझ्याकडे बघत होते, जसं एखादा माल खरा का नकली ते बघावं तसं. मग त्यांनी एकच विचारलं.

"बरं. यंत्र व्हतं. मग यंत्राला काकूचा गुडघा कुणी सांगितला?"



"मी," म्हणालो.

आप्पांनी मान हलवली. "ती पडद्याआडून तुला सांगायची. मला बी सांगत नव्हती एवढं." मग तेलवाल्या बाईकडे वळले आणि म्हणाले, "बोला, किती देऊ?"

मी उठलो. पडद्याकडे बघितलं. पडदा नवा होता, बहुतेक सुनेनं बदललेला.

बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवरूनच साहेबांना फोन लावला. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. नंतर म्हणाले, "दादा, मला खरंच वाईट वाटतंय. पण मी आत्ता ते पान उघडून बघतोय. नोंद अपडेट नव्हती. तुम्हाला माहीत होतं ना त्या वारल्या ते?"

"होतं."

"मग तुम्ही टाकलं नाही. सिस्टिमला कसं कळणार?"

इतक्या वर्षांत मला सौद्यात कुणी असं गप्प केलं नव्हतं. माझी चूक मला दाखवून ते मोकळे झाले. आणि चूक होती. पण मला सांगा, हे कुठलं बोलणं आहे? ज्या बाईला मी मूठमाती दिली तिची खबर मी तुमच्या रकान्यात भरली नाही, म्हणून तुमचं यंत्र तिच्या नवऱ्याला हसून सांगणार की लई चांगलं झालं, आणि वर गुन्हेगार मी?

"तो आवाज बंद करा," मी म्हणालो.

"त्या एका दुकानासाठी बंद करतो, दादा."

"सगळीकडे करा. माझा आहे तो."

"तुम्ही सही केलीय ना."

दुसऱ्या दिवशी बीडला जाऊन कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. घंटेला हात लावला नाही. अंबाजोगाईची मुलगी जिन्यापर्यंत आली. तिला सगळं कळलं होतं. म्हणाली, "दादा, तुमच्यासारखं कुणी खरं लिहिलंच नव्हतं, म्हणून यंत्राला तुमच्याच दुकानांवर सोडलं. बाकीच्यांच्या पानावर बोलायला काही नव्हतं." ती हे मला दुखवायला म्हणाली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "क्रिकेट लिहायला पाहिजे होतं हो तुम्ही."

आता केजला परत माझं छोटं दुकान आहे, फोनच्या वस्तूंचं. मागच्या आठवड्यात माजलगावचा एक दुकानदार रस्त्यात भेटला. हसून म्हणाला, "काय मालक, काल फोनवर एवढं गोड बोललात, आन् आज ओळख बी न्हाई?" मी काल त्याला फोन केला नव्हता. कितीतरी दिवसांत केला नाही. म्हणजे ते अजून चालू आहे. माझ्या आवाजात कुणाला तरी मामा म्हटलं जातंय, कुणाच्या तरी लेकीचं बाळंतपण विचारलं जातंय. त्या घरात काय झालं असेल ते मला माहीत नाही, यंत्रालाही नाही. मी दुकानदारांना फोन करून सांगायला लागलो की तो मी नव्हे. पण फोनवर ते कसं सांगायचं? समोरचा म्हणतो, "मग आता बोलतोय तो कोण हाय?"

घाटनांदूरला दोनदा गेलो. आप्पा बोलतात. पाऊस, भाव, नातीची शाळा. पाणी मात्र येत नाही. तिसऱ्यांदा जायची हिंमत झाली नाही. आता मोठ्यानं बोलायचीही चोरी झाली आहे. दुकानात गिऱ्हाइकाला "ऐका तर" म्हणायला तोंड उघडतो आणि मधेच थांबतो. वडील गेले तेव्हा मी त्यांच्या दोरांचं पोतं कुणाला तरी देऊन टाकलं होतं. हल्ली ते पोतं आठवतं. एक बैल असलेल्या माणसाला एकच दावं विकणारा माणूस त्यावर बसायचा.

माझं मी मान्य केलं आहे. काकूंचा गुडघा मी लिहिला, सही मी केली, सोनेरी अक्षरं मी मागितली. माझ्या वाट्याचं उत्तर मी आप्पांच्या तोंडावर दिलं. तुमच्या वाट्याचं कोण देणार? 'पुढच्या लोकांसाठी' म्हणून माझ्याकडून आवाज काढून घेणारे साहेब, 'हे मस्त आलं' म्हणणाऱ्या काचेपलीकडच्या बाई, 'काकू वारली' हे दोनदा ऐकूनही पुढं बोलत जाणारं यंत्र त्या दुकानावर सोडणारा जो कुणी असेल तो. तारे मी देणार नाही. मला दोन गोष्टी पाहिजेत आणि यात भाव करायचा नाही. माझा आवाज सगळ्या दुकानांतून बंद करा. आणि तुमच्यातला एक जण घाटनांदूरला या, आप्पांच्या गादीसमोर पोत्यावर बसा, आणि त्यांच्या सुनेसमोर, नातवंडांसमोर, मोठ्यानं, कारण त्यांना कमी ऐकू येतं, सांगा की तो फोन तुम्ही केला होता. कोण येणार आहे, त्याचं नाव मला कळवा.